शाळेसाठी निधी मागायचाय? आधी महिना बघा, मग टेबल

जून उजाडतो, शाळा उघडते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिसरीच्या वर्गात पाणी टपकायला लागतं. पालक चिडतात आणि घोळक्यानं मुख्याध्यापकांकडे जातात. ते सांगतात, "प्रस्ताव वर पाठवलाय." सगळे घरी येतात, आणि पुढच्या जूनमध्ये बादली त्याच जागी असते.

आमच्या गावच्या शाळेत दोन खोल्या अशाच गळायच्या. सलग दोन वर्षं जुलैमध्ये आम्ही दहा-बारा पालक गाडी करून तालुक्याच्या ऑफिसात गेलो. चहा मिळाला, "बघतो, करूया" मिळालं. तिसऱ्या वर्षी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या गावातल्याच एका काकांनी विचारलं, "त्या खोल्यांचं निर्लेखन झालंय का?" आमच्यापैकी एकालाही तो शब्द माहीत नव्हता; त्याचा अर्थ चौथ्या पायरीत सांगतो. त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली: आम्ही जुलैत जे पैसे मागत होतो, त्यांचं वाटप आदल्या मार्चच्या आतच ठरून गेलेलं होतं.

हा लेख त्या दोन वाक्यांतून निघाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांचं मूल पहिल्यांदाच जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत गेलं आहे आणि ज्यांना शाळेसाठी काही करायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हा दरबार पालकांना विचारत होता, मूल शाळेत का नाही? आज आपण सरकारला विचारायचं आहे, मूल शाळेत आलंय, पण खोली कुठे आहे आणि शिक्षक कुठे आहेत?

पहिली पायरी: शाळा कुणाची, ते नक्की करा

हे सोपं वाटतं, पण निम्मे अर्ज चुकीच्या दारात जाऊन पडतात. गावातली शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. तिची साखळी अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख), पंचायत समितीतले विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, मग कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. इमारतीचा विषय मात्र शिक्षण विभागाबरोबर बांधकाम विभागाकडेही जातो, तिथे उपअभियंत्यांची सही लागते.

कोल्हापूर शहरातली शाळा महापालिकेची असेल तर तिचा कारभार प्राथमिक शिक्षण समिती बघते, आणि तिथले अधिकारी म्हणजे प्रशासनाधिकारी. पैसे महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतात. महापालिकेची शाळा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी प्रवेशाच्या दिवसांत जरगनगरला जाऊन यावं. तिथल्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात.

शाळा खासगी अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत संस्थेची असते. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीचं काम कायद्यानुसार सल्ला देण्यापुरतं आहे. पुढचं बरंचसं मार्गदर्शन सरकारी शाळांनाच लागू होतं.

दुसरी पायरी: शाळा व्यवस्थापन समितीत शिरा

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि समिती दर दोन वर्षांनी नव्यानं बनते.

पालकसभेत सदस्य निवडायचे असतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नावं आधी ठरतात आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. तुमच्या शाळेत तसं होत असेल तर भांडण करू नका, फक्त सभेची तारीख विचारा आणि पंधरा-वीस पालकांना घेऊन हजर राहा. खुर्च्या भरल्या की निवड आपोआप नीट होते. आयांना आवर्जून आणा. शाळेत नळाला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे बापांपेक्षा आयांना जास्त माहीत असतं. आमच्या समितीत सगळ्यात नेमके प्रश्न विचारणाऱ्या ताई शेतमजुरी करतात आणि स्वतः चौथीपर्यंत शिकल्या आहेत.

समितीची सभा दर महिन्याला व्हायला हवी. पहिल्या सभेत एकच गोष्ट मागा: इतिवृत्ताची वही. मागच्या वर्षभराचे ठराव वाचा. कोणता ठराव झाला, तो कुठे पाठवला, त्याचा आवक नंबर (ऑफिसात नोंद झाल्याचा क्रमांक) काय, एवढं बघितलं तरी शाळेची परिस्थिती कळते.

शिक्षकांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. ते आपले विरोधक नाहीत. गळक्या वर्गात पालक पाच मिनिटं उभे राहतात, गुरुजी आणि बाई दिवसभर उभे असतात. वरिष्ठांविरुद्ध बोलणं नोकरीमुळे त्यांना अवघड जातं. पालकांना ते बंधन नाही, म्हणून पत्रावर पहिली सही आपली हवी.

तिसरी पायरी: मोजा

"शाळेची अवस्था वाईट आहे" या वाक्यावर कुणी पैसे देत नाही. "पट ९४, मंजूर शिक्षक ४, हजर ३, वर्गखोल्या ५, त्यातल्या वापरायोग्य ३" या वाक्यावर फाईल हलते. एका रविवारी चार पालकांनी वही-पेन आणि मोबाइल घेऊन शाळेत जावं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात निकष दिले आहेत, त्यांच्याशी ताडून बघा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत. इमारतीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, जिथे पोषण आहार शिजतो तिथे स्वयंपाकघर, खेळाचं मैदान, कुंपण किंवा संरक्षक भिंत, आणि अपंग मुलांना आत येता येईल अशी वाट. ग्रंथालयही त्या यादीत आहे.

प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा आणि त्यावर तारीख येईल असं बघा. गळती पावसातच दिसते, म्हणून जुलै-ऑगस्टचे फोटो जपून ठेवा, ते जानेवारीत उपयोगी पडतात. पंचगंगेच्या, वारणेच्या, कृष्णेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, त्या खुणेचा फोटोही घ्यावा. शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांत नवी खोली मागताना जोत्याची उंची हा वेगळा मुद्दा आहे. तो अंदाजपत्रकातच यायला हवा, बांधकाम सुरू झाल्यावर उपयोग नाही.

यापुढचा मुद्दा फार थोड्या पालकांना माहीत असतो, आणि शिक्षक मिळणं-जाणं त्यावर ठरतं. शाळेला किती शिक्षक द्यायचे, ते ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि पट मोजताना आधार जुळलेली मुलं धरली जातात. मुलाचं नाव शाळेत 'वेदांत' आणि आधारवर 'वेदान्त' असेल, किंवा जन्मतारखेत फरक असेल, तर ते मूल रोज वर्गात बसूनही कागदावर मोजलं जात नाही. पट ६१ असताना तीन मुलं अशी गळाली की तिसरा शिक्षक गेला. ऊसतोड मजुरांची, वीटभट्टीवरची, बाहेरच्या राज्यातून आलेल्या कुटुंबांची मुलं यात सगळ्यात आधी सुटतात. म्हणून ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या नावांची यादी घ्या आणि त्या पालकांना सोबत घेऊन आधार केंद्रावर जा. मोर्चानं जे पद वाचत नाही, ते कधी कधी या एका फेरीनं वाचतं.

चौथी पायरी: शाळा विकास आराखडा आणि ठराव

कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा बनवणं हे समितीचं काम आहे. तो तीन वर्षांचा असतो. त्यात वर्गवार पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, जादा खोल्या आणि साहित्य, आणि दर वर्षी लागणारा पैसा एवढं हवं. सही अध्यक्षांची आणि सचिवांची. बऱ्याच शाळांत तो मागच्या वर्षाचा उतरवून काढलेला असतो. तिसऱ्या पायरीवर मोजलेले आकडे त्यात घाला, कारण निधी मागताना कायद्याचा आधार असलेला हाच कागद आपल्या हातात आहे.

ठराव लहान हवा. आम्ही केलेला ठराव साधारण असा होता:

"शाळेतील खोली क्र. ३ व ४ यांचे छत व भिंती धोकादायक असून पावसाळ्यात त्यांचा वापर करता येत नाही. सध्या इयत्ता ३ री व ४ थीचे ३९ विद्यार्थी व्हरांड्यात बसतात. सदर खोल्यांची बांधकाम विभागामार्फत तपासणी करून निर्लेखनाची कार्यवाही करावी व दोन नवीन वर्गखोल्या मंजूर कराव्यात, असे सर्वानुमते ठरले. सोबत: छायाचित्रे, पटाचा उतारा, जागेचा उतारा."

निर्लेखन म्हणजे जुनी, धोकादायक इमारत वापरातून आणि दप्तरातून रीतसर काढून टाकणं. ते होत नाही तोवर कागदावर खोली शाबूत असते. खोली शाबूत असेल तर नवीन कशाला, असा शेरा येतो आणि प्रस्ताव परत फिरतो. आमची दोन वर्षं इथेच गेली होती. बांधकाम विभागाचा अहवाल, मग निर्लेखनाची मंजुरी, नवीन खोलीचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, असा हा रस्ता आहे. यातला प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावर थांबू शकतो. जागेचा उतारा शाळेच्या नावावर नसेल, आणि जुन्या शाळांबाबत हे बरेचदा असतं, तर तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडून तो आधी सरळ करून घ्या.

पाचवी पायरी: पैसे कुठून येतात आणि कधी

लहान खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. ही योजनेतली वर्षाची मर्यादा आहे. यातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर व्हायला हवा. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यातच बसवायची असते. अनुदान ऑनलाइन येतं, शाळेच्या भाषेत "लिमिट पडते", आणि आर्थिक वर्ष संपलं की न वापरलेली लिमिट परत जाते. म्हणून डिसेंबरपासून दर सभेत विचारा: लिमिट किती पडली, किती खर्चली, बिलं कुठे आहेत? समग्र शिक्षेत आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. हप्ता अडकला तर अडचण शाळेत नसून मुंबईत किंवा दिल्लीत असू शकते. त्याला उपाय खासदार आणि आमदार, मुख्याध्यापक नव्हेत.

खोल्या, मोठी दुरुस्ती, संरक्षक भिंत यांसाठी मुख्य स्रोत जिल्हा वार्षिक योजना. ती जिल्हा नियोजन समितीत मंजूर होते. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात तयार होतो. जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, ज्याला सगळे सेस फंड म्हणतात, त्याचं अंदाजपत्रक मार्चमध्ये येतं. महापालिकेचंही फेब्रुवारी-मार्चमध्येच. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो, त्यात शाळेची दुरुस्ती, पाणी, स्वच्छतागृह घालता येतं. खासदारांना स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला ५ कोटी मिळतात, आमदारांनाही असा निधी असतो. तिथे स्पर्धा सभामंडपाशी आणि रस्त्याशी असते, हे लक्षात ठेवून लवकर जा.

या सगळ्या तारखा एकत्र मांडल्या की वर्षाचा आराखडा तयार होतो. जून-जुलैमध्ये समिती आणि फोटो. ऑगस्टमध्ये आधार आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेचा विषय. सप्टेंबरअखेर पट पक्का. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव. दिवाळीच्या सुट्टीआधी विकास आराखडा आणि खोल्यांचा प्रस्ताव पंचायत समितीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो तिथून जिल्हा परिषदेत गेला की नाही याचा पाठपुरावा. जानेवारीत पालकमंत्री आणि आमदारांची भेट. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आढावा. मार्चमध्ये यादीत नाव आहे का ते बघणं. यादी जाहीर झाल्यावर रडण्यात अर्थ नाही, पण पुढच्या वर्षीच्या यादीत आपण कितवे, हे त्याच दिवशी लेखी विचारून ठेवता येतं.

लोकवर्गणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात गावं शाळेसाठी सढळ हातानं देतात. यात्रेच्या शिलकीतून रंग, तरुण मंडळाकडून टीव्ही, मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांकडून संगणक. हे सगळं घ्यावं. पण खोली आणि शिक्षक वर्गणीतून उभे करू नयेत. ज्या गावात परगावी नोकरीला गेलेली माणसं आहेत त्या गावाला खोली मिळेल, आणि राधानगरीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरच्या मुलांना कोण देणार? खोली आणि शिक्षक हा मुलाचा हक्क आहे, त्याची जबाबदारी सरकारवरून उतरता कामा नये.

सहावी पायरी: पोच, पाठपुरावा, माहिती अधिकार

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही, असं समजा. तीन आठवड्यांनी तो नंबर घेऊन जा आणि नम्रपणे विचारा, "साहेब, हा कागद सध्या कुठल्या टेबलावर आहे?" आवाज चढवायची गरज नाही. नंबर सांगितला की समोरच्याला रजिस्टर उघडावंच लागतं.

दीड-दोन महिने उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "का दिलं नाही" असं विचारू नका, कारणमीमांसा माहितीत येत नाही असं सांगून अर्ज परत येतो. कागद मागा: "आवक क्र. अमुक, दिनांक तमुक या अर्जावरील टिपणी व शेऱ्यांच्या छायांकित प्रती", "तालुक्यातील वर्गखोल्या मंजुरीची प्राधान्ययादी". उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, नंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. कलम २७ सुद्धा पाठ ठेवा: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. तुमच्या शाळेतले गुरुजी आठवडाभर भलत्याच सर्वेक्षणाला गेले असतील तर तक्रार पालकांनी करावी.

सातवी पायरी: कायदा कुठे बदलतो, तिथे पोचा

इथपर्यंतचं सगळं एका शाळेसाठी. काही प्रश्न मात्र एका गावात सुटत नाहीत, कारण नियमच तसा असतो. तेव्हा पालकांनी चार गोष्टींतला फरक ओळखावा: कायदा, नियम, शासन निर्णय आणि परिपत्रक. कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं. नियम सरकार राजपत्रात अधिसूचना काढून करतं. शासन निर्णय म्हणजे जीआर खातं काढतं, आणि परिपत्रक संचालक-आयुक्त पातळीवर निघतं. जे ज्यानं काढलं, ते तो किंवा त्याच्या वरचाच बदलू शकतो, नाहीतर न्यायालय रद्द करतं. जीआरबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांशी भांडून दिवस जातो, कागद तसाच राहतो.

ताजी उदाहरणं बघा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या २५ टक्के मोफत प्रवेशातून सूट. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२४ रोजी स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला न्यायालयानं तो बदल रद्द केला. नियम मूळ कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, हा त्यातला मुद्दा होता. दुसरं उदाहरण २०२५ चं. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय एप्रिल आणि जूनमध्ये निघाले, राज्यभर विरोध झाला आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. जीआर कसा निघतो आणि कसा मागे जातो, हे त्यावेळी अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं.

आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा विषय कमी पटाच्या शाळांचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले, त्याचा परिणाम लहान शाळांच्या मंजूर पदांवर होतो आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत वाड्या-वस्त्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. नकाशावरचं एक किलोमीटर आणि गगनबावड्याच्या पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांच्या पोरीनं चाललेलं एक किलोमीटर सारखं नसतं. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं आहे. तुमच्या वाडीची शाळा जोडण्याचा विषय निघाला तर वाट प्रत्यक्ष चालून मोजा, ओढे आणि जंगलाचा भाग नकाशावर दाखवा, पावसाळ्यातला व्हिडिओ जोडा आणि ग्रामसभेचा ठराव करा.

मग आमदार. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत, त्याशिवाय विधान परिषदेवर शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून गेलेले पुणे विभागाचे सदस्यही आपलेच. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात डिसेंबरमध्ये. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी भेटा. गर्दी नको, चार-पाच पालक पुरे, त्यात दोन आया असाव्यात.

निवेदन एका पानाचं ठेवा आणि त्याच्याबरोबर तयार प्रश्न द्या. उदाहरणार्थ: "कोल्हापूर जिल्ह्यात निर्लेखन झालेल्या, परंतु नवीन बांधकामास मंजुरी न मिळालेल्या वर्गखोल्यांची तालुकानिहाय संख्या किती? त्यासाठी चालू वर्षी किती तरतूद केली?" आमदारांच्या स्वीय सहायकाला तयार मजकूर मिळाला की तो तारांकित प्रश्नात (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) जाण्याची शक्यता वाढते. सभागृहात दिलेलं उत्तर सरकारला बांधून ठेवतं, आणि त्या उत्तराची झेरॉक्स पुढे प्रत्येक टेबलावर चालते. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना, खात्याच्या मागण्यांवर चर्चा असताना कपात सूचना (खात्याच्या रकमेत कपात सुचवून विषय मांडणं), आणि आमदारांमार्फत विधिमंडळात विनंती अर्ज हेही मार्ग आहेत. एखादं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि सूचना मागवल्या, तर कलम नंबर लिहून, कोणता शब्द बदलावा ते सांगून पाठवा.

एकट्या शाळेचं निवेदन आणि एका केंद्रातल्या बारा शाळांच्या अध्यक्षांच्या सह्यांचं निवेदन यात फार फरक पडतो. केंद्रप्रमुखांच्या बैठकीच्या दिवशी शाळांचे अध्यक्ष बाहेर भेटले तरी सुरुवात होते.

मोर्चाबद्दल नेहमी विचारणा होते. कोल्हापूरला रस्त्यावर उतरायला शिकवावं लागत नाही, टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी आपण सगळ्यांनी ते बघितलं. पण शाळेच्या कामात दसरा चौकात जमण्याआधी हातात तीन कागद हवेत: आपला अर्ज, त्याची पोच आणि उत्तर न आल्याचा किंवा नाकारल्याचा पुरावा. ते असतील तर पत्रकारही नीट लिहितात आणि अधिकाऱ्यांनाही उत्तर द्यावं लागतं. मुलांना मात्र घोषणा द्यायला उन्हात बसवू नका.

शेवटचं काम फाईलचं. समिती दोन वर्षांनी बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते, गटशिक्षणाधिकारी नवे येतात. फाईल कुणाच्या घरी राहिली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा, एक नव्या अध्यक्षांच्या हातात द्या, सगळ्या कागदांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका. आमच्या फाईलच्या पहिल्या पानावर तारखांची यादी आहे, दुसऱ्यावर निर्लेखनाचा आदेश. सध्याच्या अध्यक्ष ताईंनी तिसऱ्या पानावर मुलींच्या स्वच्छतागृहाचा ठराव लावला आहे, त्याला आवक नंबर मिळाला आहे, आणि पुढच्या सोमवारी तो कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला आम्ही जाणार आहोत.